सोन्याहून पिवळं? जुन्या युद्धकॉमिक्सवरच्या सह्या आणि सीजीसीची सिग्नेचर सीरीज

जो क्युबर्ट २०१२ मध्ये गेले. डिक एअर्स २०१४ मध्ये, सॅम ग्लान्झमन २०१७ मध्ये, रस हीथ २०१८ मध्ये. अमेरिकन युद्धकॉमिक्स ज्यांच्या हातची म्हणून गोळा केली जातात, त्यांतले बहुतेक चित्रकार आता सही करायला हयात नाहीत. म्हणूनच सही असलेला एखादा जुना ‘सार्जंट रॉक’ विकायला आला की किमतीच्या आधी ‘सही खरी कशावरून?’ हे विचारावं लागतं. सीजीसी ही कॉमिक्सचा दर्जा तपासणारी कंपनी आपल्या ‘सिग्नेचर सीरीज’मधून या प्रश्नाचं उत्तर विकते. उत्तर चोख आहे, पण ते फक्त तेवढ्याच प्रश्नाचं आहे. कुठल्या अंकावर सही घ्यावी, कव्हरवर कुठे घ्यावी, कुठल्या पेनाने घ्यावी आणि मुळात घ्यावी का, हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर राहतं. युद्धकॉमिक्सच्या बाबतीत खरी गडबड होते ती तिथेच.

सीजीसीचं काम २००० साली सुरू झालं, मुक्काम फ्लोरिडातलं सॅरासोटा. कॉमिक तपासून ०.५ ते १० या मापावर दर्जा ठरवायचा आणि ते कडक प्लास्टिकच्या ‘स्लॅब’मध्ये बंद करायचं, हा मूळ धंदा. लेबलाचा रंग बघून निम्मी गोष्ट कळते. निळं म्हणजे साधं, दुरुस्ती न केलेलं कॉमिक. जांभळं म्हणजे रिस्टोरेशन झालेलं, उडालेला रंग भरलेलं किंवा फाटलेलं चिकटवलेलं. हिरवं म्हणजे ‘क्वालिफाइड’, एक ठळक खोट बाजूला ठेवून दिलेला दर्जा. पिवळं म्हणजे सिग्नेचर सीरीज. त्यावर सही कोणाची आणि कुठल्या तारखेची हे छापलेलं असतं, आणि ही सही दर्जा ठरवताना खोट म्हणून धरली जात नाही. नाहीतर कव्हरवर पेनाने काहीही लिहिलेलं असलं की गुण कापले जातातच.

पिवळ्या लेबलासाठी अट एकच, आणि त्यात सवलत नाही: सीजीसीच्या अधिकृत साक्षीदाराच्या डोळ्यादेखत सही झाली पाहिजे. कन्व्हेन्शनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्याला, गेलात तर आधी साक्षीदार गाठायचा, मग त्याला बरोबर घेऊन चित्रकाराच्या रांगेत उभं राहायचं. सही झाली की कॉमिक साक्षीदाराच्या ताब्यात जातं आणि थेट तपासणीच्या वाटेला लागतं. मालकाच्या हातात ते पुन्हा येतं ते स्लॅबमधूनच. लोक नेमके इथे चुकतात. रांग छोटी दिसली म्हणून आधी सही घेतात आणि मग साक्षीदार शोधत फिरतात. वरातीमागून घोडं. चित्रकार समोर बसून ‘हो, माझीच आहे’ म्हणाला तरी ती सही या सीरीजमध्ये धरत नाहीत. कन्व्हेन्शनला जाता येत नसेल तर अधिकृत फॅसिलिटेटरकडे कॉमिक पाठवायचं, तो साक्षीदारासमोर सही घेऊन पुढे पाठवतो. काही चित्रकार घरबसल्या खाजगी साइनिंग करतात, त्याची मुदत आधी जाहीर होते.

ही ताब्याची साखळी हाच या सेवेचा खरा माल. त्याचीच दुसरी बाजूही आहे: पिवळ्या लेबलाचा स्लॅब घरी फोडला की साखळी तुटली, सही पुन्हा बेवारस. त्याच कॉमिकवर आणखी एका चित्रकाराची सही हवी असेल तर स्लॅब अधिकृत माणसाकडूनच उघडून घ्यावा लागतो. मग कॉमिकची नव्याने तपासणी होते आणि दर्जा खाली येऊ शकतो. ९.४ चं ९.२ होऊन परत आलं म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. दोन वेळा हाताळलं गेलेलं साठ वर्षांचं कॉमिक आहे ते.

सही खोट धरत नाहीत हे खरं, पण सही घेताना कॉमिकला जे होतं ते सगळं धरतात. टेबलावर सांडलेल्या पाण्याचा थेंब, पेन दाबल्याने उठलेला वळ, घाईत मुडपलेला कोपरा, यांचे गुण कापले जातात. आणि युद्धकॉमिक्स या बाबतीत फार नाजूक. डीसीच्या पाचही युद्धमालिका, म्हणजे ‘अवर आर्मी ॲट वॉर’, ‘जी. आय. कॉम्बॅट’, ‘स्टार स्पँगल्ड वॉर स्टोरीज’, ‘अवर फायटिंग फोर्सेस’ आणि ‘ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर’, पोरांनी खिशात कोंबून, हातोहात फिरवून वाचल्या. सुपरहिरोंसारख्या त्या कोणी जपून ठेवल्या नाहीत. त्यात पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून डीसीच्या निर्मिती विभागातल्या जॅक ॲडलरने बसवलेल्या तंत्राने ‘ग्रे-टोन’ कव्हरं निघू लागली. जेरी ग्रँडनेटीने वॉशमध्ये, म्हणजे पातळ केलेल्या शाईच्या छटांमध्ये, रंगवलेला समुद्र, धूर, रात्रीचं आकाश. दिसायला अप्रतिम, पण गडद. कण्याजवळ केसाएवढी घडी पडली तरी शाईखालचा पांढरा कागद वर येतो आणि काळ्यावर पांढरी रेघ दुरून दिसते. असं एखादं कव्हर तिरप्या उजेडात धरून बघा. समोरून स्वच्छ वाटणाऱ्या कण्यावर पिनांच्या आजूबाजूला सात-आठ बारीक आडव्या रेघा सापडतात. ८.० आणि ६.५ मधलं अंतर पुष्कळदा एवढंच असतं.

अशा कव्हरवर काळ्या मार्करने सही म्हणजे काळ्या पाटीवर कोळशाने लिहिणं. साक्षीदार हे सांगेलच असं नाही, तो सही होते की नाही एवढंच बघायला बसलेला असतो. गडद कव्हरला चांदीचा किंवा सोनेरी तेलरंगाचा पेंट मार्कर लागतो. आकाश पिवळं किंवा फिकट निळं असेल तर काळा किंवा निळा चालतो. चांदी फिकट रंगावर घेऊ नये, कॅमेऱ्यात उजळते आणि प्रत्यक्षात नाहीशी होते.

पेनांचं थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण बहुतेक नुकसान पेन करतं. साधा अल्कोहोलवाला परमनंट मार्कर चकचकीत कव्हरवर पटकन वाळतो आणि सहसा फसवत नाही. मात्र त्याची शाई डायची असते. उजेडात ती वर्षानुवर्षं राहिली की काळ्याचा जांभळट तपकिरी होतो. आतल्या न्यूजप्रिंटच्या पानावर तर हा मार्कर टेकवूच नये, शाई फुटते आणि मागच्या पानावर उतरते. पहिल्या पानावर सही हवी असेल तर पिगमेंट शाईचा बारीक लायनर द्या. तो उजेडात टिकतो आणि फुटत नाही. बॉलपेन वळ उठवतं, आणि हा वळ कव्हरच्या आतल्या बाजूने बोटाला लागतो. जेल पेन चकचकीत कागदावर वाळतच नाही, अंगठा लागला की फराटा. पेंट मार्कर वापरायचा तर आधी टोपणासकट अर्धा मिनिट हलवा, मग रद्दीवर टोक दाबून रंग उतरवा आणि तिथेच दोन-तीन रेघा ओढून बघा. हे न करता थेट चित्रकाराच्या हातात दिलं की पहिल्या अक्षरावर थेंब पडतो आणि उरलेलं नाव सुकं जातं. पेंटची सही झाल्यावर दहा मिनिटं तरी कॉमिक उघडं आणि सपाट ठेवायला सांगा, वर पिशवी नको. बोटाला कोरडं लागतं तेव्हा आतून ओलंच असतं.

स्वतःचं पेन न्यावं. टेबलावरचं पेन सकाळपासून तीनशे वेळा वापरलेलं असतं.

सहीची जागा ठरवायला ‘खिडकीची पिशवी’ हा एकच खात्रीचा उपाय. जाड पिशवीत ४ इंच रुंद आणि २ इंच उंच अशी चौकट कापायची आणि तिच्या कडांना कमी चिकट निळी मास्किंग टेप लावायची. चौकटीतून कव्हरचा तेवढाच भाग उघडा राहतो. सही तिथेच होते, चित्रकाराचा तळहात बाकी कव्हरला लागत नाही आणि त्याला काही समजावून सांगावंही लागत नाही. पिशवी कॉमिक घालण्याआधी कापायची, नंतर नव्हे. वाचायला हास्यास्पद वाटतं, पण ब्लेडने कव्हरवर ओढलेली चार इंची रेघ ही सहीच्या तयारीत होणारी नेहमीची दुर्घटना आहे. टेप बाहेरच्या बाजूने लावा. आतल्या बाजूला चिकट कड राहिली तर कॉमिक बाहेर काढताना ती कव्हरचा पापुद्रा घेऊन येते. पिशवीच्या तोंडाच्या टेपचं टोक दुमडून ठेवावं ते याच कारणाने. कॉमिकमागे जाड बोर्ड हवा आणि पहिल्या पानाआधी आम्लमुक्त कागदाचा एक ताव. खिडकी कण्यापासून आणि पिनांपासून किमान इंचभर लांब ठेवा, तिथे दाब आला तर पिनेभोवतीचा कागद फाटतो. चेहरा, मालिकेचं नाव आणि अंकाचा क्रमांक झाकू नका. युद्धकॉमिक्समध्ये स्फोटाचा पिवळा-नारिंगी भाग ही सहीसाठी देवाने दिलेली जागा.

प्रेसिंग, म्हणजे उष्णता, ओलावा आणि दाब देऊन घड्या बसवणं, सहीच्या आधी करून घ्यावं. सहीनंतर उष्णतेने काही शाया मऊ होतात आणि समोरच्या कागदावर छापा उठतो. प्रेसिंगने रंग न मोडलेल्या घड्या, बोटांचे दाब आणि कण्याचा पीळ जातो. रंग मोडून पांढरी पडलेली रेघ जात नाही, ती कायमची. ग्रे-टोनवरच्या बऱ्याच रेघा याच जातीच्या, तेव्हा त्यांच्यासाठी प्रेसिंगवर पैसे घालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ओलावा आणि उष्णता जास्त झाली तर कव्हर आक्रसतं आणि आतली पानं उजव्या कडेला बाहेर डोकावतात. हे नंतर सुधारत नाही. पानं तपकिरी, कडा ठिसूळ असतील तर प्रेसिंगच्या वाटेलाच जाऊ नये. मार्व्हलच्या साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या अंकांमध्ये कापणीच्या बोथट पात्यांमुळे उजव्या कडेचे बारीक टवके उडालेले असतात. ‘सार्जंट फ्युरी’चे पहिले अंक घेताना ही कड आधी बघावी. प्रेसमध्ये असे अर्धवट सुटलेले टवके गळून पडतात.

आता सही कोणाची, कुठल्या अंकावर. इथे अभ्यास नसेल तर पिवळं लेबलही हसं करून घेतं. ‘अवर आर्मी ॲट वॉर’चा ८१वा अंक, एप्रिल १९५९, सार्जंट रॉकचा पहिला म्हणून महाग विकला जातो. पण त्यातली गोष्ट बॉब हेनीची आणि चित्रं रॉस आंद्रू आणि माइक एस्पोझिटो यांची. पात्राचं नावही अजून धड ठरलेलं नाही. रॉबर्ट कॅनिघर आणि क्युबर्ट यांनी घडवलेला खरा रॉक येतो ८३व्या अंकात, जून १९५९. ८१वर क्युबर्टची सही म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपला आहेर. सही अस्सल, जागा चुकलेली. ज्यांना अंतर कळतं ते ८३ला जास्त मान देतात. तसंच ‘जी. आय. कॉम्बॅट’चा ८७वा अंक, एप्रिल-मे १९६१, हाँटेड टँक या भुताच्या रणगाड्याच्या मालिकेची सुरुवात. तिथे मान रस हीथच्या सहीला. १५१वा ‘अवर आर्मी ॲट वॉर’, फेब्रुवारी १९६५, एनेमी एस या जर्मन वैमानिकाचा पहिला, तिथे क्युबर्ट. ‘सार्जंट फ्युरी’चा पहिला अंक, मे १९६३, जॅक कर्बीच्या पेन्सिलीचा आणि त्यावर शाई एअर्सची. पुढे ८व्या अंकापासून पेन्सिलीही एअर्सकडे आल्या. लेखक स्टॅन ली यांच्या सह्या इतक्या झाल्या की एअर्सची सही असलेली प्रत शोधण्यात जास्त मजा आहे. ‘ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर’चा ८९वा अंक तर युद्धकॉमिक्सवाल्यांच्या हातून केव्हाच सुटला. त्यातल्या आयर्व नोविकच्या एका चौकटीवरून पॉप आर्टवाल्या रॉय लिक्टेन्स्टाइनने १९६३ मध्ये ‘व्हाम!’ रंगवलं, आणि तेव्हापासून कलासंग्राहकही या अंकाच्या मागे लागले.

हयात चित्रकाराची सही घेऊन ही सेवा पारखून बघायची असेल तर सुरुवात मार्व्हलच्या, व्हिएतनाम युद्धावरच्या ‘द नाम’पासून करावी. पहिला अंक डिसेंबर १९८६, चित्रं मायकेल गोल्डनची, संपादन लॅरी हामाचं. दोघेही कन्व्हेन्शनला बसणारे. अंक भरपूर छापला गेला, चांगल्या अवस्थेत स्वस्तात मिळतो. खिडकी, पेन, वाळवणं, सगळं यावर चुकून शिकावं आणि मग साठच्या दशकातल्या अंकाला हात लावावा.

गेलेल्या चित्रकारांच्या, साक्षीदाराविना घेतलेल्या सह्यांचं काय? सिग्नेचर सीरीजकडे याचं उत्तर नाही, कारण तिचा सगळा डोलारा डोळ्यांनी पाहिलेल्या सहीवर. अशी प्रत सीजीसीकडे नेहमीच्या तपासणीला दिली तर हिरवं लेबल घ्या, नाहीतर सही लिखाण म्हणून धरून कमी दर्जाचं निळं. माझं मत हिरव्याच्या बाजूने, पण हिरव्याला बाजारात भाव कमी, हे मान्य करूनच. २०१४ मध्ये सुरू झालेली सीबीसीएस ही दुसरी तपासणी कंपनी इथे कामाला येते. तिथे जुन्या सहीची जाणकारांकडून पडताळणी होते आणि खरी वाटली तर ‘व्हेरिफाइड’ म्हणून लाल लेबल मिळतं. पण शेवटी ते मत आहे, पाहिलेलं नाही. तरीही क्युबर्टची ३० वर्षांपूर्वीची सही हाती असेल तर दगडापेक्षा वीट मऊ.

पैसे घालण्याआधी दहापट भिंगाखाली सही स्वतः बघावी. क्युबर्ट आणि हीथ यांची नावं चित्रातच छापलेली असतात, आणि नवखा विक्रेता तीच सही म्हणून दाखवतो. छापलेलं नाव आजूबाजूच्या रेघांइतकंच काळं असतं आणि कागदात बसलेलं असतं. रंगाचे ठिपके त्याच्याभोवती नेहमीसारखे दिसतात. पेनाची शाई ठिपक्यांच्या वरून जाते. तिरप्या उजेडात तिला वेगळी चकाकी असते, आणि अक्षर जिथे वळतं तिथे ती साचून गडद झालेली दिसते. चकाकी नाही आणि साचणं नाही, म्हणजे छपाई. पुनर्मुद्रणंही ओळखून ठेवा. डीसीने २००० साली ‘मिलेनियम एडिशन’ म्हणून ८१वा अंक पुन्हा छापला. पांढरा शुभ्र, आधुनिक कागद हाताला लागला की संशय घ्या.

स्लॅब स्वतः मजबूत आहे. पुढच्या आणि मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला आम्ल शोषणारे कागदाचे ताव घालतात, ते चांगलं. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये कधी तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वर्तुळं दिसतात. गडद ग्रे-टोनवर ती फार खटकतात, पण कॉमिकला काही झालेलं नसतं. खरी अडचण वेगळी: स्लॅबमधलं कॉमिक वाचता येत नाही. पहिल्या पानावर सही घेतली असेल तर ती कायमची झाकली जाते, लेबलावरच्या नावावर समाधान मानायचं. म्हणून पिवळ्या लेबलासाठी सही कव्हरवरच. आतली सही हवी असेल तर स्लॅबचा नाद सोडा. साठच्या दशकातल्या अंकाला त्याच्या मापाची मायलर (टिकाऊ पॉलिएस्टर) पिशवी आणि आम्लमुक्त, कॅल्शियम कार्बोनेटचा बफर असलेला बोर्ड घ्या. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या काही वर्षांनी पिवळट पडतात आणि सुरकुततात, त्या बदलाव्या लागतात. मायलरला तो ताप नाही. दोन्हीकडे आर्द्रता ४० ते ५० टक्के आणि सूर्यप्रकाश शून्य. मार्करची सही असलेला स्लॅब खिडकीसमोर टांगणाऱ्याला कुठलंच लेबल वाचवू शकत नाही.

खर्चाचा हिशेब करताना तपासणीची फी एकटी धरू नका, ती कॉमिकच्या घोषित किमतीप्रमाणे चढतेच. तिच्यात चित्रकाराचं मानधन, साक्षीदाराचा किंवा फॅसिलिटेटरचा आकार, प्रेसिंग, दोन्ही बाजूंची विमा उतरवलेली टपाल आणि काही महिन्यांची वाट हे मिळवा. ४.० दर्जाच्या सामान्य अंकासाठी हे परवडत नाही. तिथे सही घ्या, कॉमिक मायलरमध्ये ठेवा आणि वाचा. उलट टोकालाही थांबावं: ९.४ चा विरळा ग्रे-टोन सहीसाठी बाहेर काढणं मला पटत नाही. असं कव्हर जितकं दुर्मिळ, तितकी सही त्यात भर कमी घालते आणि जोखीम जास्त. पिवळं लेबल शोभतं ते मधल्या पट्ट्यात, ५.५ ते ८.५. अंक योग्य, चित्रकार त्याच अंकाचा, सही स्फोटाच्या पिवळ्यावर.

स्लॅब घरी आला की डबा उघडण्याचं चित्रण करा आणि लगेच लेबल वाचा: सहीकर्त्याच्या नावाचं स्पेलिंग, तारीख, अंकाचा क्रमांक, महिना. लेबलावरचा सर्टिफिकेट क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून नोंद जुळते का बघा. मग स्लॅब तिरका धरून कॉमिक आत सरकत नाही ना आणि खालचे कोपरे आदळलेले नाहीत ना हे तपासा. चूक सापडली तर स्लॅब न उघडता तसाच परत पाठवायचा. एकदा का तो तुम्ही फोडला, की चूक कोणाची हे सिद्ध करायला साक्षीदार उरत नाही.